पंधरा हजार आठशे बारा भोकं

आमच्या विज्ञान केंद्रात त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळे त्याला मिलीमीटर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. नकाशे, आराखडे, प्रतिकृती बनवणं हे त्याचं काम. त्यांच्याखाली लागणाऱ्या पाट्या लिहिणं हे माझं. म्हणजे तो जे काढणार, ते काय आहे हे लोकांना मी सांगणार. बावीस वर्षं आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर शंभरदा तरी चिडले असेन आणि त्यातल्या नव्व्याण्णव वेळा शेवटी तोच बरोबर निघाला. उरलेल्या एका वेळेची ही गोष्ट आहे, आणि त्या वेळी चूक माझीही होती.

मिलीमीटर हे नाव त्याला काही कौतुकानं मिळालेलं नव्हतं. आमच्यातल्या एकानं नवं घर घेतलं आणि सगळ्यांना चहाला बोलावलं. बाकीचे "वा, छान, हवेशीर आहे" म्हणून सोफ्यावर टेकले. हा पठ्ठ्या मात्र भिंतीला गाल लावून उभा. "ही भिंत वरच्या बाजूला सात मिलीमीटर बाहेर आलीय," त्यानं जाहीर केलं. तो सहकारी सहा महिने याच्याशी बोलला नाही. सहा महिन्यांनी त्या भिंतीला तडा गेला, तेव्हा आणखी सहा महिने बोलला नाही.

त्याच्या या स्वभावाचं मूळ त्याच्या घरात होतं. आई-बाप लहानपणीच गेलेले. त्याला वाढवलं ते आत्यानं. आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं कामाला होती. तिथून रोज बाराशे चादरी घड्या होऊन जायच्या. शाळा सुटली की हा तिथं जाऊन बसायचा आणि चादरीचं दुसरं टोक धरायचा. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर आत्या ती घडी झटकून मोडायची. रागवायची नाही, फक्त मोडायची. "बोटभर सरकलेली घडी शंभराव्या चादरीला वीतभर सरकते," असं तिचं म्हणणं. पुढं हा नकाशे काढायला शिकला तेव्हा तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण याचा हात खोटं काढणार नाही हे तिनं धरूनच ठेवलं होतं. घरी कुणी आलं की ती सांगायची, "आमचा हा जेवढं आहे तेवढंच काढतो. जास्त नाही, कमी नाही."

दोघंच राहायचे, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आत्याचा उजवा गुडघा गेली दहा वर्षं कुरकुरत होता आणि शेवटी तो बदलायचं घाटत होतं. त्याच सुमारास आमच्याकडे ते प्रदर्शन आलं.

विषय होता अवकाशातला कचरा. पृथ्वीभोवती माणसानं सोडलेल्या आणि आता कुणाच्याच कामाच्या नसलेल्या वस्तू फिरताहेत. बंद पडलेले उपग्रह, रॉकेटच्या रिकाम्या टाक्या, एकमेकांवर आपटून झालेले तुकडे. त्यातले मुठीएवढे आणि त्याहून मोठे तुकडे मोजलेले आहेत, त्यांची यादी आहे, कोण कधी कुठं असेल हे त्या यादीवरून काढता येतं. संचालकसाहेबांना हे सगळं एका भिंतीवर एका नजरेत दिसायला हवं होतं. पडदा लावून संगणकावर फिरवता आलं असतं, पण आमचा मोठा पडदा दोन वर्षं "दुरुस्तीला" होता आणि तो कुठल्या दुरुस्तीला आहे हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मिलीमीटरनं सुचवलं, की आपण पत्रा वापरू. ॲल्युमिनियमचे चार मोठे पत्रे जोडायचे, काळे रंगवायचे, मधोमध दोन मीटर रुंदीची निळी पृथ्वी काढायची. प्रत्येक तुकड्याच्या जागी एक भोक पाडायचं आणि मागं दिवे लावायचे. त्यानं एक मंगळवार निवडला, सकाळी अकराची वेळ निवडली, आणि त्या क्षणी यादीतली प्रत्येक वस्तू कुठं होती ते काढलं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे तुकडे आपल्याला दिसणार नाहीत, म्हणून वगळले. फार दूरच्या कक्षेतले उपग्रहही सोडावे लागले. ते दाखवायचे तर भिंत ओलांडून आमच्या कॅन्टीनच्या दारापर्यंत पत्रा न्यावा लागला असता. त्याचंसुद्धा त्याला चार दिवस वाईट वाटत होतं. उरले पंधरा हजार आठशे बारा.

अकरा महिने तो ती भोकं पाडत होता. आधी जागेवर खूण, मग पंच ठोकून खळगा, मग ड्रिल, मग मागून कानस मारून कडा साफ. रोज साठ-सत्तर. सुरुवातीला त्यानं एक मिलीमीटरचं पातं घेतलं होतं, पण ते पत्र्यात मोडायचं, आणि दहा फुटांवरून उजेड दिसायचाही नाही. तेव्हा दोन मिलीमीटरचं घेतलं. संध्याकाळी निघताना त्याच्या केसांत ॲल्युमिनियमची भुकटी चमकत असायची. "लवकर पिकलास रे," असं मी म्हणायचे.

पत्रा उभा राहिला आणि मागचे दिवे लागले, तेव्हा मी खरंच दोन पावलं मागं सरकले. पृथ्वी दिसेचना. तिच्यावर, तिच्याभोवती, कडेपासून वीतभर अंतरात ठिपकेच ठिपके. मुंग्या लागलेला गुळाचा खडा असतो ना, तसं. मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की या गर्दीतून आपल्यापर्यंत ऊन पोचतं तरी कसं?

मी त्याला ते बोलून दाखवलं, तर तो हसला नाही. कागद घेऊन हिशोब करायला बसला.

"ताई, या चित्रात एक मिलीमीटर म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर चारशे मीटर. माझं भोक दोन मिलीमीटरचं. म्हणजे प्रत्येक तुकडा मी पावणेतेरा किलोमीटर रुंद दाखवलाय."

"आणि खरा केवढा?"

"कुठला मुठीएवढा, कुठला बसएवढा. बससुद्धा इथं मिलीमीटरचा पाचशेवा भाग झाली असती. दिसलीच नसती. कुठलाच ठिपका दिसला नसता."

"म्हणजे राईचा पर्वत केलास की."

"जागा खऱ्या आहेत," तो म्हणाला. "आकार खोटे आहेत. तुम्ही पाटीवर तसं लिहा."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरांत, पत्र्याच्या अगदी खाली: "ठिपक्यांच्या जागा खऱ्या आहेत, आकार खरे नाहीत. खऱ्या आकारात यातला एकही ठिपका तुम्हाला दिसला नसता."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संचालकसाहेब आले. हात मागं बांधून बराच वेळ बघत राहिले आणि ते खूश झाले, हे त्यांच्या मानेवरून कळलं. मग त्यांनी पाटी वाचली.

"ही ओळ काढा."

"का साहेब?" मी विचारलं.

"अहो, एका हातानं घाबरवता आणि दुसऱ्या हातानं थोपटता? वर फिरणारा रंगाचा टवकासुद्धा बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात आपटतो. उपग्रह फुटतात त्यानं. हा धोका खरा आहे. लोक घाबरले तरच लक्षात ठेवतील. नाहीतर बघतील, वडा-सामोशासारखं खातील आणि हात पुसून जातील."

त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. धोका खरा होता. पण तो वरच्या यंत्रांना होता, खालच्या डोक्यांना नव्हे. मी मिलीमीटरकडे बघितलं. सात मिलीमीटरसाठी वर्षभराचं वैर पत्करणारा माणूस, आता तडकून काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तो पत्र्याकडे बघत होता. अकरा महिन्यांचं काम समोर झगमगत होतं, आणि खाली माझी ती ओळ, की हे खरं नाही.

"राहू दे ताई," तो हळूच म्हणाला. "जागा तर खऱ्या आहेत."

आमची पाटी चिकटवायच्या अक्षरांची असते. हेअर ड्रायरनं गरम केली की अक्षरं निमूट सुटतात. मी एकेक अक्षर काढलं आणि मूग गिळून घरी गेले. कुणी माझा हात धरला नव्हता. मला तेव्हा राग आला होता तो त्याचाच, स्वतःचा यायला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. गुडघा बदलून तीनच आठवडे झालेले, हातात वॉकर, पण अंगावर ठेवणीतली साडी. भाच्याचं काम बघायचं म्हणून तिला आकाश ठेंगणं झालं होतं. वॉकर टेकवत ती पत्र्यासमोर येऊन उभी राहिली. आजूबाजूचे लोक "बापरे, बापरे" करत होते. तिनं एक बोट ठिपक्यांपाशी नेलं आणि मागं घेतलं. खूप वेळानं तिनं विचारलं, "हे सगळं आपल्या डोक्यावर?"

"हो आत्या," मिलीमीटर म्हणाला. एवढा फुललेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "एकूण एक मोजलेलं. यातला एकही ठिपका माझ्या मनाचा नाही."

मी शेजारीच होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

त्या दिवसानंतर आत्या घराबाहेर पडली नाही.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. गुडघा दुखतोय, म्हणाली. मग जिना अंधारा आहे, म्हणाली. तिला व्यायाम शिकवायला दर शुक्रवारी एक मुलगी यायची, मोठी हसरी आणि बोलण्यात एकदम फटकळ. आत्या तिला व्यायामवाली म्हणायची. तिच्याकडे गुडघा किती वाकतो ते मोजायचं एक कोनमापक होतं. तिनं सांगितलं होतं, की रोज जिना उतरायचा, रस्त्यावर अर्धा तास चालायचं, परत जिना चढायचा. नव्वद अंश वाकला तर जिना नीट चढता येतो, एकशे दहा झाला तर उत्तम. आणि तीन महिन्यांनी जो आकडा असेल तोच साधारण जन्माचा. आत्याचा आकडा चौऱ्याहत्तर होता. पुढच्या शुक्रवारी पंचाहत्तर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत चौऱ्याहत्तर. मग बाहत्तर.

"आजी, तुम्ही चालत नाही आहात," व्यायामवाली म्हणाली.

"चालते की. खोलीत."

"खोलीत दहा पावलं होतात. जिना कुठंय? गुडघा आखडून बसेल, मग मला शिव्या देऊ नका."

तेव्हा कुठं आत्यानं खरं सांगितलं. बाहेर जायला तिला भीती वाटते. घरात वर अजून दोन मजले आहेत, तेवढाच आधार. रस्त्यावर वर काय आहे ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मिलीमीटरनं दुसऱ्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं, आणि त्याचा चेहरा बघून ते गिळलं. संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. बायकांचं बायकांनी समजावलं तर पटेल, असा माझा समज. हा माझ्या मूर्खपणाचा दुसरा अंक.

आत्या खिडकीपासून लांब, भिंतीला खुर्ची लावून बसली होती. पाय स्टुलावर. समोर चादर. हातांना सवय म्हणून ती घरातल्याच चादरी पुन्हा पुन्हा घडी करत होती.

"आत्या, असं काही पडत नाही हो," मी म्हणाले. "खाली येता येताच जळून जातं."

"सगळं जळतं?"

"हो."

तिनं भाच्याकडे बघितलं. "कधीच पडत नाही?"

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण तो मिलीमीटर. "कधीच नाही असं म्हणता येणार नाही," तो म्हणाला. "एखादा मोठा तुकडा उरतो कधीतरी. बहुतेक समुद्रात पडतो."

"बहुतेक," आत्या म्हणाली आणि घडीवरून हात फिरवला. "मी एकतीस वर्षं लोकांचा मळ धुतलाय. फेकलेलं कुठंतरी पडतंच. कुणाच्या तरी पदरात येतंच."

त्यानं आकडे सांगितले. आपल्या डोक्यावर पडायची शक्यता किती कमी, घरातल्या मोरीत पाय घसरायची किती जास्त. कागदावर लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आत्यानं तो कागद व्यवस्थित चार घड्या करून बाजूला ठेवला.

"आकडे नकोत मला. मी तू काढलेलं बघितलंय. बोट ठेवायला जागा नव्हती त्यात. इतके असतील तर एखादा पडणारच, त्याला शाळा शिकावी लागत नाही." मग ती थांबली आणि अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "का तू काढलंयस ते खोटं आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. "हो" एवढंच म्हणायचं होतं. मग तो उठून पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मीही चप्पल घालून निघाले. आत्यानं मला "जेवून जा" म्हटलं, ते मला फार लागलं.

मग पंधरा दिवस तो कामावर यायचा, माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा आणि बोलायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत पत्र्यासमोर जाऊन उभा राहायचा. लोक यायचे, "बापरे" म्हणायचे, फोटो काढायचे. एकदा एक बाप आपल्या लहान मुलीला सांगत होता, "बघ, हे सगळं आपल्या गच्चीच्या वर आहे." मुलगी बापाच्या पायामागं लपली. मिलीमीटर तिथून सरळ माझ्याकडे आला.

"ताई, मी तिला का सांगू शकलो नाही?"

"कारण तुझ्याकडे तेवढं एकच आहे," मी म्हणाले. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. "तू खोटं काढत नाहीस, एवढीच तुझी मिळकत. ती तिनंच दिलेली. आणि ती तू साहेबांच्या एका वाक्यावर सोडलीस. मीही सोडली. आपण दोघं सारखेच."

त्या संध्याकाळी त्यानं आत्याला सांगितलं. मी तिथं नव्हते, पण त्यानं मला शब्द न् शब्द सांगितला, त्यात पदरचं काही घालणं त्याला जमलंच नसतं. तो म्हणाला, "आत्या, ते खोटं आहे. जागा खऱ्या आहेत, पण प्रत्येक ठिपका मी पावणेतेरा किलोमीटरचा काढलाय."

"पावणेतेरा म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

"आपल्या घरापासून तुझं इस्पितळ ओलांडून पुढं, साखर कारखान्यापर्यंत."

"एवढा एक तुकडा?"

"तुकडा तुझ्या मुठीएवढा. मी एवढा काढला."

आत्यानं मूठ मिटून बघितली. "तुला ठाऊक होतं?"

"हो. ताईनं पाटी लिहिली होती. साहेबांनी काढायला लावली. मी 'राहू दे' म्हणालो."

"का?"

"छान दिसत होतं," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, ती रागावेल किंवा जवळ घेईल. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती म्हणाली, "मला घरात सांगतोस. तिथं एवढ्या लोकांना दाखवलंस, त्यांना कोण सांगणार?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सोमवारी केंद्र बंद असतं. त्यानं मला फोन करून बोलावलं. मी पोचले तेव्हा तो पत्र्यासमोर स्टुलावर बसला होता, मांडीवर ड्रिल. "ती ओळ परत सांगा," तो म्हणाला. "जशीच्या तशी."

"चिकटवायची अक्षरं आणते."

"चिकटवलेली सुटतात."

मी खडूनं पत्र्यावर ओळ लिहून दिली आणि त्यानं तिच्यावरून भोकं पाडली. त्याच पात्यानं, दोन मिलीमीटरच्या. खूण, पंच, ड्रिल, कानस. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. इथं प्रत्येक भोकाची जागा मोजायची नव्हती, म्हणून एका दिवसात झालं. मी पत्रा मागून धरून उभी होते आणि माझे हात रात्रभर थरथरत होते. दिवे लावले तेव्हा ओळ बाकीच्या ठिपक्यांइतकीच झळकली. खाली मी आणखी तीन शब्द लिहिले होते, "हे आधीच सांगायला हवं होतं." खरं तर हे पाच शब्द आहेत, पण मला त्या दिवशी मोजायची शुद्ध नव्हती. तेही त्यानं न विचारता पाडले.

मंगळवारी साहेबांनी ते पाहिलं. त्यांचा आवाज आम्हाला दुसऱ्या दालनात ऐकू आला.

"हा पत्रा बदलायला किती दिवस लागतील?"

"अकरा महिने," मिलीमीटर म्हणाला.

मग आम्हा दोघांना मेमो मिळाला. त्याला प्रतिकृतींच्या विभागातून काढून गोदामात पाठवलं, तिथं तो अजूनही आहे. जुनी मॉडेलं दुरुस्त करतो आणि गोदामाच्या फळ्या सरळ नाहीत अशी तक्रार करतो. माझं फक्त टेबल हललं. मला त्याच्यापेक्षा कमी शिक्षा झाली, हे मला अजून खुपतं. पत्रा मात्र राहिला. लोक अजूनही "बापरे" म्हणतात, मग ओळ वाचतात, मग जवळ जाऊन एखाद्या भोकाला डोळा लावतात आणि "मग खरं केवढं?" असं विचारतात. माझ्या मते हा प्रश्न पडणं हेच पुरे आहे.

आत्याला त्यानं सांगितलं, ओळ परत आली. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांनी बघेन." त्यासाठी घराबाहेर पडावं लागणार, हे तिलाही कळत होतं.

पाच दिवसांनी ती जिना उतरली. मी खाली उभी होते. एकेका पायरीला आधी चांगला पाय, मग तो आखडलेला, मग थांबा. सव्वीस पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. दारापाशी येऊन ती उभी राहिली. पुढं उघडा रस्ता होता, वर निरभ्र. तिनं वॉकर घट्ट धरला होता. भीती काही खरं सांगितल्यानं लगेच जात नाही. तिनं भाच्याकडे बघितलं. तो दोन पावलं पुढं उन्हात जाऊन उभा राहिला. मग तीही गेली.

पत्र्यासमोर तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली, शेवटपर्यंत. "बरं," म्हणाली. त्यावर तिनं शाबासकी दिली नाही आणि त्यानं मागितली नाही.

नंतर ती रोज चालली. सकाळी आणि संध्याकाळी, जिना उतरून, रस्त्यावरून, परत जिना. दुखायचं तेव्हा ओठ दाबून चालायची. आम्ही सगळे आकडे विचारायचो. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. व्यायामवालीसुद्धा म्हणाली, या वयात एवढी जिद्द तिनं पाहिली नव्हती. पण दिवस थोडे उरले होते.

तीन महिने झाले त्या शुक्रवारी मी मुद्दाम गेले होते. आत्या पलंगाच्या काठावर बसली होती, बाहेर जायच्या तयारीत. व्यायामवालीनं गुडघ्याला कोनमापक लावलं, वाकवता येईल तेवढा वाकवला, वाचलं. एरवी फटकळ पोरगी, पण तिनं क्षणभर मिलीमीटरकडे बघितलं. मग मोठ्यानं हसून म्हणाली, "झालं की आजी! नव्वदच म्हणायचं!"

आत्या तिच्याकडे बघून हसली. मग तिनं भाच्याकडे मान वळवली.

"तू मोज."

तो खाली बसला. कोनमापकाची एक पट्टी मांडीला, एक पोटरीला. त्याचे हात इतके हळू मी कधी पाहिले नव्हते. त्यानं एकदा वाचलं, काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, म्हणेल. नव्वद म्हणेल. त्या वेळी मीही तेच म्हणाले असते, देवाशपथ. सहा अंश ते काय, आणि ते कुणी खाल्ले हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी आहे, आत्या."

आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"मग जिन्याला उजव्या बाजूनं दांडी लावून घे," ती म्हणाली. "नव्वदच्या भरवशावर मी पडले असते. चल, चपला दे."